एकटीनं फ्लॉरेन्सला जायचं म्हणते. मुलगा नको म्हणतो. तुमचं मत सांगा

इतिहासाच्या बाई

मी कोल्हापूरची. एकतीस वर्षं हायस्कूलला इतिहास शिकवला. वय ५९. येत्या ३० नोव्हेंबरला मला इटलीत फ्लॉरेन्सला असायचंय, आणि एकटीनं जायचंय. याआधी देशाबाहेर एकटी कधी गेले नाही. मुलाचा ठाम विरोध आहे. गेले आठ दिवस घरात जेवताना हाच विषय चाललाय, आणि आता जेवतानाही कुणी बोलत नाही. धीर द्या म्हणून इथं लिहीत नाही. माझं कुठं चुकतंय ते सांगा.

फ्लॉरेन्सच का, तर कोल्हापूरचे दुसरे राजाराम महाराज. १८७० साली ते विलायतेला गेले, आणि परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्सला आजारी पडून ३० नोव्हेंबरला तिथंच वारले. वय वर्षं वीस. आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. तिथं आज काशिने नावाची लांबलचक बाग आहे. तिच्या पार पश्चिम टोकाला महाराजांची छत्री आहे, आत त्यांचा अर्धपुतळा. आपला न्यू पॅलेस ज्यांनी आखला त्या मेजर मँट यांनीच ही छत्रीही आखली. जवळच नदीवर मोठा पूल आहे, त्याला तिथले लोक त्या भारतीयाच्या नावानंच ओळखतात.

हे मी वर्गात दर वर्षी सांगायचे. २०१८ साली यजमानांबरोबर ग्रुप टूरनं युरोपला गेले. फ्लॉरेन्सला आम्हाला तीन तास मिळाले. कॅथेड्रल बाहेरून, एक चौक, मग जीरा राईस आणि पनीर. टूर मॅनेजरला छत्रीचं विचारलं तर म्हणाला, "मॅडम, तिथं बघण्यासारखं काही नाही, चाळीस माणसं खोळंबतील." खरंच होतं त्याचं. चाळीस जणांना माझ्या महाराजांशी काय देणंघेणं? बस निघाली. खिडकीतून आर्नो दिसली, आपली पंचगंगा पावसाळ्यात असते तशी गढूळ. यजमान म्हणाले, पुढच्या वेळी. ते जाऊन आता चार वर्षं झाली.

उद्यमनगरवाला

बाई, नमस्कार. भावना कळल्या, पण मी तुमच्या मुलाच्या बाजूनं आहे आणि आडपडदा न ठेवता लिहितो.

धंद्याच्या निमित्तानं मी तीनदा इटलीला गेलोय, मिलान आणि बोलोन्याकडं, मशिनरीच्या प्रदर्शनाला. पहिल्या खेपेला माझं पाकीट स्टेशनवर गेलं. माझ्याबरोबर दोघं होते म्हणून रात्रीची सोय झाली. एकटा असतो तर? दुसरं, तिथल्या लोकल गाडीचं कागदी तिकीट घेतलं तरी चढण्याआधी फलाटावरच्या मशीनवर शिक्का मारून घ्यावा लागतो. नाही मारला तर तिकीट असूनही दंड. आम्ही भरलाय. असल्या गोष्टी कुणी सांगत नाही, ठेच लागल्यावरच कळतात.

आणि ही काशिनेची बाग. दिवसा लोक पळायला, सायकल चालवायला येतात, पण अंधार पडल्यावर तिकडं फिरकू नका असं तिथलेच लोक सांगतात. नोव्हेंबरअखेर तिकडं पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो. तुमची छत्री बागेच्या शेवटच्या टोकाला. वय ५९, हातात पर्स, अनोळखी भाषा. पहिलीच एकटीची परदेशवारी असेल तर श्रीलंका बघा, नेपाळ बघा. नेपाळला तर व्हिसासुद्धा लागत नाही. पोहायला शिकणारा पहिल्या दिवशी रंकाळ्याच्या मध्यात उडी मारत नाही.

सायकलवाली

दादा, तिकिटाची माहिती मोलाची आहे. पण ज्याला जे बघायचंय तेच बघायला तो जाणार ना? बाईंना श्रीलंकेत काय बघायचंय? सरावासाठी दुसरा देश गाठायचा, त्यावर पैसे घालवायचे, आणि मनातलं पुढं ढकलायचं. "पुढच्या वेळी"चं काय झालं ते बाईंनी वर लिहिलंय.

मी राजारामपुरीत वाढले. २०२३ ला २६ व्या वर्षी एकटी व्हिएतनामला गेले. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई, तिथून विमान. घरून रडारड झाली होतीच. हनोईत पहिल्याच संध्याकाळी फसले. तिकडं वीस हजारांची आणि पाच लाखांची नोट दोन्ही निळसर असतात. भाजीपावासारखी एक गाडी होती, पिवळ्या बल्बखाली. मी पाव घेतला, वीस हजार समजून नोट पुढं केली. त्या मावशींनी नोट हातात घेतली, दिव्याकडं धरली, मग माझ्या तळव्यावर परत ठेवून वरच्या शून्यांवर एकेक करून बोट टेकवलं. माझ्या पर्समधून तिनंच बरोबर नोट काढली आणि पर्सची चेन लावून दिली. एक शब्दही आम्ही बोललो नव्हतो.

सगळीकडं अशीच माणसं भेटतात असं मी म्हणणार नाही. पुढं टॅक्सीवाल्यानं लुबाडलंही. पण ग्रुपमध्ये असते तर पैसे दुसऱ्या कुणीतरी दिले असते आणि मी पाव खाऊन मोकळी झाले असते.

वॉर्डातली ताई

मी स्टाफ नर्स आहे, बावीस वर्षं. चर्चा पाकिटावर आणि नोटांवर चाललीय, मला दुसरीच काळजी आहे. बाई, शुगर, बीपी आहे का? गोळ्या कोणत्या?

सांगायचं कारण. माझे वडील दुबईला मॉलमध्ये पाय घसरून पडले. खुबा मोडला. चुलतभाऊ बरोबर होता म्हणून कागदांवर सही झाली, विमा कंपनीला फोन झाला, मंजुरी येईपर्यंत पैसे भरायला कुणीतरी होतं. वडिलांना वेदनेनं धड बोलता येत नव्हतं. पॉलिसीचा नंबर त्यांच्या मोबाईलमध्ये होता आणि मोबाईलला लॉक. विमा असणं वेगळं आणि तो वेळेला वापरता येणं वेगळं. एकटं माणूस आडवं झालं की त्याच्या वतीनं बोलणारं कुणी नसतं. दवाखान्यात हे मी रोज बघते, आपल्या गावात, आपल्या भाषेत.

मी जाऊ नका म्हणते. निदान एक माणूस बरोबर घ्या.

पंचगंगाघाट

एक गोष्ट लिहितो, राग मानू नये. ज्यांच्या छत्रीला बाई निघाल्यात ते महाराज परदेशात आजारी पडूनच गेले. यातून काहीच शिकायचं नाही का?

सायकलवाली

शिकायचं तर नीट शिकू या. महाराजांबरोबर लवाजमा होता, इंग्रज अधिकारी होता. सोबतीनं माणूस वाचतो असं या उदाहरणातून तरी निघत नाही. ते १८७० साल होतं, तेव्हा न्यूमोनियालाही औषध नव्हतं.

आणि आपल्याच गावाशी जोडलेलं दुसरं नाव घ्या ना. आनंदीबाई जोशी १८८३ साली अठराव्या वर्षी घरचं एकही माणूस बरोबर नसताना बोटीनं अमेरिकेला गेल्या. १८८६ ला डॉक्टर झाल्या आणि त्यांना नेमणूक मिळाली ती आपल्या कोल्हापुरात, अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रियांच्या विभागात. म्हणजे आजचं सीपीआर रुग्णालय.

वॉर्डातली ताई

मी सीपीआरसमोरून रोज जाते. पण आनंदीबाईंचं अर्धंच सांगू नका. तिकडची थंडी, खाण्याचे हाल यांनी तब्येत ढासळली. परत आल्या त्या आजारीच, आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात गेल्या. ती खुर्ची त्यांची वाट बघत राहिली. त्यांच्या धाडसापुढं मी हात जोडते. पण ज्यांच्या घरातलं माणूस जातं त्यांना विचारा धाडसाची किंमत.

टाकाळा

मी बाईंच्या मुलाच्या वयाचा आहे, म्हणून त्याच्या बाजूनं चार ओळी. बाई, तुम्ही तिकडं फिरत असाल तेव्हा तो इकडं झोपणार नाही. आपल्या आणि तिकडच्या घड्याळात हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक. तुमची रात्रीची जेवणाची वेळ म्हणजे त्याचे दीड-दोन. फोन उचलला नाहीत तर तो काय करणार? पोलिसांत कुठल्या जाणार? वडील गेल्यावर त्याच्याकडं तुम्ही एकट्याच उरलात. "विरोध" म्हणून तुम्ही लिहिलंत त्यात निम्मी भीती आहे. ती त्याला बोलून दाखवता येत नसेल, आम्हा मुलांना ते जमत नाही.

इतिहासाच्या बाई

सगळ्यांचं वाचलं, दोनदा. उत्तरं देते.

ताई, शुगर आहे. दोन गोळ्या, सहा वर्षं. तुमच्या वडिलांचं वाचून मी खरोखर थांबले. मोबाईलच्या लॉकचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. युरोपच्या व्हिसाला तीस हजार युरोंचा विमा लागतो, तो काढला की झालं असं मी धरून चालले होते. आता पॉलिसीचा नंबर, गोळ्यांची नावं, मुलाचा नंबर इंग्रजीत लिहून गळ्यातल्या पाऊचमध्ये ठेवणार. तरी तुम्ही म्हणता ते उरतंच, मी आडवी झाले तर माझ्या वतीनं बोलणारं कुणी नाही. हे मला मान्य आहे. पण इथं तरी काय आहे? मुलगा-सून सकाळी नऊला बाहेर पडतात ते सातला येतात. बाथरूममध्ये पडले तर दहा तास मी एकटीच.

उद्यमनगरचे दादा, सराव करा म्हणालात. केलाय. फेब्रुवारीत हंपीला चार दिवस एकटी राहून आले. लॉजच्या काउंटरवरच्या मुलानं वही पुढं केली आणि माझ्या खांद्यावरून मागं बघितलं, बाकीचे कधी येतायत म्हणून. मी म्हटलं, एकटीच आहे. त्यानं पुन्हा एकदा मागं बघितलं. पहिल्या रात्री खोलीत मला हुंदका फुटला होता, कुणाशी बोलायचं म्हणून. दुसऱ्या दिवशी विठ्ठल मंदिरात दुपारपर्यंत एका खांबापाशी बसून राहिले. चल म्हणणारं कुणी नव्हतं. यजमान असताना मी कधी अशी बसले नाही. ते चांगले होते, पण त्यांना घाई असायची.

चौघी मिळून का जात नाही, असं मला मैत्रिणीही म्हणतात. त्यांना व्हेनिस, रोम, स्वित्झर्लंड करायचंय. करू देत. मला त्या छत्रीपुढं उभं राहायचंय आणि किती वेळ ते आधी ठरवायचं नाहीये. त्या वेळेला बाजूला कुणी घड्याळ बघत असेल तर माझी सगळी वाट फुकट गेली.

बागेचं मात्र तुमचं पटलं. ३० तारखेला सकाळी दहाला जाईन, दुपारी दोनच्या आत परत. ट्रामनं बागेच्या तोंडापर्यंत, पुढं टॅक्सी.

टाकाळ्याच्या मुला, तू लिहिलेलं मी माझ्या मुलाला वाचून दाखवलं. तो उठून गॅलरीत गेला.

उद्यमनगरवाला

माझं मत बदललेलं नाही बाई. ५९ व्या वर्षी, शुगर असताना, एकटीनं, तेही थंडीपावसात, हे मला चूकच वाटतं. हंपीला काही झालं तर मुलगा रातोरात गाडी काढून आला असता. फ्लॉरेन्सला त्याला आधी व्हिसा काढावा लागेल. हा फरक तुम्ही मनाआड करताय.

पण जाणारच असाल तर रोमला उतरा, तिथून फ्लॉरेन्सला वेगवान गाडी आहे, दीड तास. तिच्यात जागा ठरलेली असते, शिक्क्याची भानगड नाही. पैसे दोन ठिकाणी ठेवा. कार्डानं पैसे काढताना मशीन रुपयांत हिशोब करू का विचारेल, नाही म्हणा, युरोच निवडा, नाहीतर दर वाईट लावतात. पासपोर्टची झेरॉक्स बॅगेत वेगळी ठेवा. काही अडलं तर तिकडं ११२ फिरवायचा.

सायकलवाली

दादा, मुलाला व्हिसा लागेल हे तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, त्याला माझ्याकडं उत्तर नाही. बाईंनी जावं हे तरीही म्हणते.

इतिहासाच्या बाई

दादा, ते मनाआड केलं नाही. मुलाशी त्यावरच बोलले. म्हटलं, तूही व्हिसा काढून ठेव, न लागो. तो काही बोलला नाही.

काल रात्री विम्याचा फॉर्म टेबलावर अर्धा भरून ठेवला होता. आपत्कालीन संपर्काच्या रकान्यात काय लिहू कळेना म्हणून तसाच सोडून झोपले. सकाळी बघते तर त्याच्या अक्षरात त्याचं नाव, खाली दोन नंबर, ऑफिसचासुद्धा. चहा घेताना अजून माझ्याकडं बघत नाही. व्हिसासाठी पुढच्या मंगळवारी मुंबईला जायचंय. महालक्ष्मीचं एकच तिकीट काढलंय.