साडेतेरा ग्रॅम सोन्याचा कायदा: ओप्पियस बरोबर होता की बायकांनी रस्ता अडवला ते बरोबर?

मीठभाकरी: काल प्राचीन रोमच्या ओप्पियन कायद्याबद्दल वाचत बसले, ओप्पियस नावाच्या ट्रिब्यूनने (सामान्य लोकांनी निवडलेला अधिकारी) आणलेला, आणि डोकंच फिरलं. इ.स.पू. २१६ ला इटलीतल्या कॅनीला कार्थेजच्या हॅनिबल या सेनापतीने रोमन सैन्य पार कापून काढलं, पुढच्या वर्षी यांनी कायदा काय केला तर बाईकडे अर्ध्या रोमन औंसापेक्षा, म्हणजे साधारण साडेतेरा ग्रॅमपेक्षा जास्त सोनं नको, रंगीबेरंगी कपडे नकोत, आणि सणवार सोडून शहरात घोडागाडीत बसायचं नाही. युद्ध हरले सेनापती, दागिने उतरवायचे बायकांनी!

खडूस काका: अहो ताई, तिजोरी रिकामी होती तेव्हा. घरातल्या पोरांची प्रेतं रणांगणात पडलेली असताना कोणी नटूनथटून गाडीतून मिरवत जाणं शोभतं का? आणीबाणीत असले नियम लागतातच.

मीठभाकरी: मान्य, पण काका, युद्ध २०१ ला संपलं की! तरी कायदा १९५ पर्यंत तसाच. कायदा रद्द करा म्हणणाऱ्या वालेरियस नावाच्या ट्रिब्यूनने विचारलं ना, पुरुषांनी जांभळी किनार मिरवायची, घोड्यावरची झूलसुद्धा बायकोच्या कपड्यांपेक्षा भारी, आणि आपल्या मित्रराष्ट्रांच्या बायका रोममध्ये गाडीतून फिरणार, आपल्या मात्र पायी. शेवटी बायका रस्त्यावर उतरल्या, विरोध करणाऱ्या ट्रिब्यूनांच्या दारात ठिय्या दिला तेव्हा कुठे कायदा गेला.

खडूस काका: कायदा राहू द्या म्हणणाऱ्या कॅटो या रोमन नेत्याचं पण ऐका की. सगळ्यांनाच बंदी असली की गरीब बाईला लाज वाटत नाही, कारण तिला जे परवडत नाही ते श्रीमंतीणही घालू शकत नाही. लग्नकार्यात बघा, एकीने हार घातला की बाकीच्यांचा जीव खालीवर.

रात्रपाळी: दोघांनाही एक सांगतो, ही भाषणं लिव्ही या रोमन इतिहासकाराने जवळजवळ दोनशे वर्षांनी लिहिलीत, त्यामुळे कॅटोने हेच शब्द वापरले असं धरून भांडू नका. पण कॅटो बदलला हे खरं. १८४ ला सेन्सॉर, म्हणजे लोकांची मालमत्ता नोंदवणारा अधिकारी, झाल्यावर त्याने बंदी आणलीच नाही, पंधरा हजार आसपेक्षा (आस म्हणजे रोमन नाणं) महाग दागिने, बायकांचे कपडे, गाड्या यांची किंमत दहापट धरून त्यावर टॅक्स लावला. घाला पाहिजे ते, पैसे मोजा.

मीठभाकरी: म्हणजे परत बायकांच्याच अंगावरचं मोजलं, बरं!

खडूस काका: पुरुषांनाही सोडलं नाही हो. १६१ च्या फानियन कायद्यात जेवणावळीचा खर्च ठरवून दिला, मोठ्या सणाला शंभर आस, पक्षी म्हणजे फक्त एक कोंबडी, तीही मुद्दाम खाऊ घालून पोसलेली नको.

रात्रपाळी: आणि रोमन लोकांनी काय केलं माहितीये? कायद्यात कोंबडी लिहिलीय ना, मग कोंबडे दुधात भिजवलेलं खाणं चारून पोसायला लागले. प्लिनी हा रोमन लेखक हे सांगतो.

खडूस काका: पळवाट काढली म्हणून कायदा चुकीचा ठरत नाही.

मीठभाकरी: नाही ठरत. पण कोंबड्याला दूध चालतं आणि बाईला जांभळी किनार नाही, एवढं फक्त मला समजावून सांगा.