डबा, तांदूळ, बाई, गुरुजी : प्राथमिक शाळेतले अनुभव लिहा

अबोली_७
काल लेकीच्या शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला. मुलांनी आपापलाच डबा खायचा, दुसऱ्याला द्यायचा नाही, दुसऱ्याचा घ्यायचा नाही. कारण योग्यच आहे, वर्गात एकाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे आणि मागे त्याच्या जिवावर बेतलं होतं. तक्रार काहीच नाही. 'ओके टीचर' टाकलं, भाजी चिरायला घेतली आणि एकदम तिसरीचा वर्ग समोर आला.

माण तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा. दोन खोल्या, चार इयत्ता, एक गुरुजी, एक बाई. १९८७ चा दुष्काळ. आई रोजगार हमीवर खडी फोडायला जायची. मी डबा न्यायचेच नाही. मधल्या सुट्टीत "घरी जाऊन जेवते" सांगायचे, घराला कुलूप, मग पिंपळाच्या पारावर बसून घंटा व्हायच्या आत परत. बाईंना कसं कळलं देव जाणे. एक दिवस हाक मारली, "अगं, माझ्या डब्याचं झाकण घट्ट बसलंय. तुझ्या हातात जोर आहे, उघडून दे बरं." दिलं उघडून. "ही घे तुझी मजुरी" म्हणून अर्धी भाकरी आणि त्यावर मटकीची उसळ. दुसऱ्या दिवशी झाकण पुन्हा बसलेलं. वर्षभर ते रोज बसायचं! मला वाटायचं अख्ख्या शाळेत माझ्याएवढा जोर कुणाला नाही. पोरांपुढे दंड दाखवत फिरायचे.

पितळी डबा होता तो. वरचं झाकण नुसतं टेकवलेलं असतं तसला. हे डोक्यात कधी शिरलं, तर लग्नानंतर सासरी तसाच डबा घासताना. मोरीत बसून रडले. सासूबाईंना वाटलं बोट कापलं.

लिहा तुम्हीही. फक्त प्राथमिकचं हं, हायस्कूलच्या भानगडींना वेगळा धागा काढू.

चकली
बाई गं. ऑफिसच्या बसमध्ये डोळे पुसतेय, शेजारची बघतेय. माझंही आहे, नंतर लिहिते.

खोडरबर
३ किलो तांदूळ आठवतोय का कुणाला? १९९५ ला पोषण आहार सुरू झाला तेव्हा शिजवून नव्हता मिळत, कच्चा तांदूळ मिळायचा, महिन्याला ३ किलो. अट एकच, ८० टक्के हजेरी. आमचे गुरुजी हजेरीला कडक. पण ज्याच्या घरी चूल पेटायची मारामार त्याची हजेरी कशी कोण जाणे बरोब्बर ८० च्या वर जायची.
माझी एकदा मामाच्या लग्नामुळे बुडाली. आजी पिशवी घेऊन शाळेत हजर, गुरुजींशी कडाकडा भांडली. गुरुजी शांतपणे म्हणाले, "आजी, नातू गणितात हुशार आहे. त्यालाच विचारा, २३ पैकी १८ म्हणजे किती टक्के." मी छाती काढून सांगितलं, "७८!" शाबासकी गुरुजींनी दिली. बाकीचं घरी गेल्यावर आजीने दिलं.

मधली_सुट्टी
हा हा हा २३ पैकी १८. गणित चांगलं असण्याचे तोटे.

वऱ्हाडी_ठेचा
आमी ज्वारीवाले लोकं, तांदूळ आमच्याकडे बिमार मानसाचं खानं. घरी नेला त बुढी म्हने कोन आजारी हाये? मंग तिनं डब्यात ठेवून देल्ला. पोरीच्या लग्नाले कामी येईन म्हने. त्या साली आमच्या आळीत तीन लग्नं झाले, तिन्ही लग्नात अक्षता सरकारी.

खोडरबर
@वऱ्हाडी_ठेचा आता चहा सांडला अंगावर 

रानबोर
शनिवारी सकाळची शाळा आणि सारवण! शेण आणायची पाळी लावलेली असायची. शेण आमच्या म्हशीचं, त्यामुळे माझा वर्गात वेगळाच मान. सारवताना बाई स्वतः पदर खोचून बसायच्या.
दसऱ्याला पाटीवर १ १ १ काढून सरस्वती केलेली कोण कोण?

मधली_सुट्टी
मी. माझी सरस्वती कायम खेकड्यासारखी दिसायची. आणि पाटीवरची पेन्सिल खायचात का? मी खायचे, खमंग लागायची.

रानबोर
खायचो काय, शेजारच्याचीही खायचो. पुढे रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन कमी. डॉक्टर म्हणाले अशा वेळी पोरांना माती-खडू खावासा वाटतोच.

भाऊसाहेब
एक मत मांडतो, राग नसावा. हल्ली पुस्तकं फुकट, गणवेश फुकट, जेवण फुकट. पोरांना किंमत राहिली नाही. आमच्या वेळी यातलं काहीएक नव्हतं, तरी शिकलोच ना?

खोडरबर
साहेब, तुमच्या पहिलीच्या वर्गात किती होते आणि सातवीत किती उरले तेवढं लिहा.

दगडीपाटी
भाऊसाहेबांना उत्तर नाही, माझं सांगते. भटक्या जमातीतल्या आम्ही. १९९२ पासून आमच्यासारख्या पहिली ते चौथीच्या मुलींना उपस्थिती भत्ता होता, दिवसाला १ रुपया. शाळेचे दिवस २२०, म्हणजे वर्षाचे फार तर २२० रुपये. लोक हसतात, रुपयात काय येतं म्हणून. आमच्या घरी काय आलं ते सांगते. मी तिसरीत असताना वडिलांनी ठरवलं होतं, आता हिला शेळ्यांमागे पाठवायचं. आई त्यांच्यापुढे कधी ब्र काढायची नाही. पण त्या दिवशी म्हणाली, "हजेरी मोडली तर रुपाया बुडंल." शाळा बुडेल म्हणाली असती तर वडिलांनी ऐकलंच नसतं. आईला भांडायला कारण हवं होतं, ते सरकारने दिलं. शेळ्या शेवटी आजोबांनी राखल्या, कुरकुर करत.
मी आता तलाठी आहे. बाकी संध्याकाळी, फेरफाराला लोक उभे आहेत.

अबोली_७
दगडीपाटी 🙏

भाऊसाहेब
आत्ता बसून आठवलं. पहिलीत ४१. सातवीत १३. त्यात मुली २. मुद्दा मान्य.

गोंयकार_दर्यावर्दी
आमच्याकडे ही खिचडी वगैरे नाही हो! गोव्यात शाळेच्या जेवणात पाव-भाजी. बचत गटाच्या बायका भाजी करून आणतात, पाव असतोच. आमच्या गावच्या मराठी प्राथमिक शाळेत मी दोन वर्षं पालक-शिक्षक संघाचा अध्यक्ष होतो. अध्यक्ष म्हणजे मान नव्हे, चतुर्थीआधी मुलांना माटोळीचं (गणपतीवर टांगतात त्या रानफळांच्या मंडपीचं) सामान दाखवायला रानात न्यायचं, गॅदरिंगला मंडप घालायचा आणि सायबिणीसारखं (घरोघरी फिरते ती मेरीमातेची मूर्ती) सगळ्यांकडे फिरून पैसे मागायचे. पट १७ वर आलाय. नवीन मूल दाखल झालं की गावात बारसं झाल्यासारखा आनंद.

खडूफळा
मी टेबलाच्या पलीकडून लिहितो. २००९ पासून बीड जिल्ह्यात जि. प. शिक्षक. आमच्याकडे दिवाळी झाली की पट अर्धा. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, कोयते (ऊसतोड जोडपी) निघतात कारखान्याला, ट्रॅक्टरवर भांडी, शेळी, कोंबड्या आणि पोरं. पूर्वी पोरं जायचीच. आता गावातच हंगामी वसतिगृह चालवतो आम्ही, म्हणजे पोरगं आजी-आजोबांजवळ झोपतं आणि सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेकडून. आईबाप परत येईपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत.
तर चौथीतला एक पोरगा. आजीला ऐकू येत नाही. रोज रात्री आठला माझ्या खोलीवर यायचा, फोन लावायला. वडील फडात, रेंज येईल तर येईल. लागला की स्वतःबद्दल एक अक्षर नाही. "सर्जा बसला का? खाल्लं का त्यानं? खांदा आलाय का?" बैलाची चौकशी झाली की फोन माझ्या हातात. आईशी बोल म्हटलं तर मान हलवायचा. मला वाटायचं पोरगं कोरडं आहे. एकदा त्याच्या आईनेच सांगितलं, "गुरुजी, आम्ही निघालो तवा रडला न्हाई, सर्जाच्या गळ्याला पडून रडला." मग मी चौकशीच्या वेळी बाहेर जाऊन उभा राहू लागलो.
एप्रिलमध्ये आले तेव्हा त्यांनी शाळेसाठी उसाची मोळी आणली. ६ महिने ऊस तोडून आलेली माणसं ऊसच घेऊन आली, मला हसावं का काय कळेना. पोरांनी दोन दिवस वर्गात चिपाडांचा ढीग केला.

चकली
सर्जाने संपवलं आज मला.

मधली_सुट्टी
@खडूफळा 'खांदा येणं' म्हणजे? आम्ही शहरी मंडळी.

खडूफळा
जूमुळे बैलाच्या खांद्याला सूज येते, जखम होते. त्याला तेल-हळद लावतात. पोरगं शिकवायचं मला, किती लावायची ते.

टोकियोकर
थोडं विषयाबाहेर. मुलगा इथे जपानी प्राथमिक शाळेत दुसरीला. जेवण वर्गातच, वाढायचं मुलांनीच, पाळीपाळीने. पांढरा एप्रन आणि टोपी घालून आमचे चिरंजीव सूप वाढतात. शुक्रवारी तो एप्रन घरी येतो, धुऊन इस्त्री करून सोमवारी परत द्यायचा. गेल्या आठवड्यात मी विसरलो, सोमवारी पहाटे हेअर ड्रायरने वाळवला. झाडू-फडकंही मुलंच मारतात.

रानबोर
व्हेज मिळतं का तिथे?

टोकियोकर
नाही, सगळ्यांना एकच जेवण. आम्ही डबा देतो. महिन्याचा मेनू आधी येतो, बायको तो फ्रिजवर लावते आणि त्या दिवशी जे असेल त्याच्यासारखं दिसणारं काहीतरी करते. तिकडे करी तर इकडे राजमा, तिकडे तळलेला मासा तर इकडे सुरणाचे काप. पोराच्या ताटात वेगळं काही आहे असं कुणाला वाटू नये म्हणून. परवा त्याच्या बाईंनी सुरणाचे काप चाखायला मागितले. सुरणाला जपानीत काय म्हणतात ते सांगताना माझी दांडी उडाली.

ताईची_लेक
माझी आई आमच्या गावच्या शाळेत स्वयंपाकी आहे. पोरं ताई म्हणतात, मास्तरही ताई म्हणतात, आता बाबाही चिडवायला ताई म्हणतात. महिन्याला २५०० मानधन. त्यावर मी लिहिणार नाही, लिहिलं तर थांबणार नाही.
माप असं आहे की पाचवीपर्यंत डोई १०० ग्रॅम तांदूळ, सहावीपासून १५०. आई म्हणते पोटाला इयत्ता कळत नाही. पहिलीतली एखादी चिमुरडी तीनदा घेते आणि सातवीतला गडी हात आखडतो, कारण मोठ्या पोरांना मागायची लाज वाटायला लागते. अशांना ती "भांडं घासायचंय, खरवड संपव रे" म्हणते. (अबोलीताई, तुमच्या बाईंचं झाकण वाचलं आणि आईची खरवड आठवली.) आणि सोमवारी ती थोडा तांदूळ जास्तच टाकते. सोमवारी जास्त लागतो. का, ते इथे सांगायला नको.
२०२३ च्या नोव्हेंबरात आठवड्याला एक अंडं सुरू झालं, न खाणाऱ्यांना केळं. दुसऱ्याच आठवड्यात केळंवाले निम्मे झाले. घरी सांगू नका म्हणून आईला शपथा.

वऱ्हाडी_ठेचा
शपथेवाल्यायमंदी आमचा पुतन्या हाये. माळकरी घर.

चकली
ताईची_लेक, ती शाळेची खिचडी घरी का होत नाही तशी? सगळं तेच घालते मी. हळद, मटकी, कढीपत्ता. पोरं म्हणतात शाळेसारखी नाही.

रानबोर
चुलीचा धूर.

गोंयकार_दर्यावर्दी
भूक.

मधली_सुट्टी
ताटलीला लागलेल्या कालच्या साबणाची चव, ती कुठून आणणार.

अबोली_७
एवढं सगळं वाचून दुपारी आईला फोन लावला. म्हटलं, बाई मला रोज भाकरी द्यायच्या, तुला ठाऊक होतं का? आई म्हणाली, "म्हंजे काय? तुझ्या बाईंना रहाट ओढायची सवं न्हवती. रोज दिवस मावळता दोन हंडं त्यांच्या दारात मीच न्हेऊन ठिवायची. फुकटची न्हाई खाल्लीस तू."
दोघींनी एकमेकींना याबद्दल कधी काही म्हटलं होतं का? "त्यात काय म्हणायचं?"
मग विचारलं, आणि झाकणाचं? हसायलाच लागली. "पोरीला वाटतंय पैलवान झाल्यागत, तर वाटू दे म्हनलं."
म्हणजे ३५ हून जास्त वर्षं मी सोडून सगळ्यांना माहीत होतं.

खोडरबर
पैलवान 🙏🙏

दगडीपाटी
आले परत. दोन हंडे!! दुष्काळात दोन हंडे म्हणजे काय ते ज्याला माहीत त्यालाच.

भाऊसाहेब
अबोलीताई, बाई कुठे असतात आता?

अबोली_७
बदली झाली मी चौथीत असताना. अख्खं गाव फाट्यापर्यंत गेलं होतं सोडायला. पुढचा पत्ता नाही. आईला नाव-गाव विचारलंय, शोधते. आईचा निरोप मात्र आहे, भेटल्या तर विचार म्हणे, गुडघे कसे आहेत त्यांचे.

ताईची_लेक
@चकली आईला विचारलं खिचडीचं. ४ माणसांचं प्रमाण तिला सांगता येत नाही म्हणते, अंदाजच नाही. कमीत कमी ६० पोरांचं सांगेन म्हणाली.

चकली
सांग तर खरं, भागाकार करेन.

मधली_सुट्टी
भागाकार खोडरबरच्या आजीला विचारून करा.

रानबोर
भागाकार कशाला, ६० जणांचं गटग (गेट-टुगेदर) करू. शेण मी आणतो.

चकली
शेण कशाला??

रानबोर
शनिवार आहे ना.