वाढीच्या संप्रेरकाने माशांचे प्रजनन लांबते का?

पाणकावळा, बडोदा
पादरा रस्त्यावरच्या आमच्या शेततळ्यात मी काही वर्षांपासून रोहू आणि कटला पाळतो. गेल्या हिवाळ्यात एका विक्रेत्याने ‘ग्रोथ हार्मोनयुक्त’ म्हणून एक खाद्यपूरक माझ्या गळ्यात मारले. वजने छान भरली, म्हणून आषाढात रोहूच्या पाच माद्या ओळखीच्या बीजकेंद्रात नेल्या, पण अंडी सोडण्यासाठीचे इंजेक्शन देऊनही एकीनेसुद्धा अंडी सोडली नाहीत. हे संप्रेरक प्रजननाला मदत करते की आड येते, याचा जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

प्राणिशास्त्रवाली
दोन्ही खरे आहे. प्रमाण आणि वेळ कोणती, यावर सारे अवलंबून असते. वाढीचे संप्रेरक आणि अंडाशयाला जागवणारी गोनॅडोट्रोपिने मेंदूच्या तळाशी असलेल्या एकाच पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीतून स्रवतात. मुख्य काम गोनॅडोट्रोपिनांचेच. पण गोल्डफिशच्या अंडाशयावरील प्रयोगांत असे दिसले, की वाढीचे संप्रेरक सोबत असले म्हणजे त्याच गोनॅडोट्रोपिनाने अधिक स्टेरॉइड (लैंगिक संप्रेरके) तयार होतात. त्यांतील इस्ट्रॅडिऑल यकृताकडून व्हायटेलोजेनिन, म्हणजे अंड्यातील पीतकाचा कच्चा माल, बनवून घेते आणि उलट वाढीच्या संप्रेरकाची रक्तातील पातळीही चढवते. गोल्डफिशमध्ये डोपामाइन हे मेंदूतील रसायन मात्र गोनॅडोट्रोपिनाला दाबते आणि वाढीच्या संप्रेरकाला उत्तेजन देते. आपण दिलेल्या इंजेक्शनात डोम्पेरिडोन हे डोपामाइनला अडवणारे औषध असेल, तर ते हा दाबच काढून घेते.

हिरालाल चौधरी यांनी 1957 साली ओडिशातील अंगुल येथे पीयूषिकेचा अर्क टोचून भारतीय कार्प (रोहूच्या कुळातील) माशांचे प्रजनन घडवले, तेव्हा त्या अर्कातून वाढीचे संप्रेरकही आपसूकच जात असणार.

जास्तीचे संप्रेरक मात्र महाग पडते. त्याचे वाढीव जनुक घातलेल्या कॉमन कार्पमध्ये जननग्रंथींची वाढ मागे पडलेली आढळली, कारण शरीर वाढवण्यात खर्ची पडलेली शक्ती अंड्यांसाठी उरत नाही आणि पीयूषिकेतील गोनॅडोट्रोपिनाची निर्मितीही घटते. वाढीच्या संप्रेरकाचे जनुक घालून मोठे केलेल्या, 1982 सालच्या प्रसिद्ध ‘राक्षसी उंदरां’च्या वंशांतही माद्यांची प्रजननक्षमता ढासळली होती. दुसरीकडे, ज्या उंदरांत या संप्रेरकाचा संदेश पेशीत घेणारा ग्राहकच (रिसेप्टर) नसतो, ते उशिरा वयात येतात आणि त्यांना पिल्लेही कमी होतात.

गोठा आणि दवाखाना
गाईचे उदाहरण यात बसते. व्याल्यानंतर दुभत्या गाईच्या रक्तात वाढीचे संप्रेरक भरपूर असते, पण पोटात अन्न कमी आणि दूध जास्त, अशा स्थितीत यकृत त्याला दाद देत नाही. मग अंडाशयाला लागणारा आयजीएफ-१ हा यकृतात बनणारा घटक कमी पडतो आणि माज लांबतो. म्हणजे संप्रेरक असूनही उपयोग नाही! माशांच्या खाद्यातील संप्रेरकाबद्दल माझी शंका वेगळी आहे: हे प्रथिन आहे, आणि बहुतेक ते पचनमार्गातच मोडून जाते. त्या पुड्यात प्रत्यक्षात काय होते, हे आपण विक्रेत्याला विचारले होते का?

बीजवाला
प्राणिशास्त्रवाल्या बाईंचे म्हणणे पटते, पण मला आधी माद्यांची पाहणी करावीशी वाटते. पोट हाताला मऊ लागत होते का, जननछिद्र गुलाबी आणि किंचित फुगलेले होते का? नराच्या छातीच्या परावरून बोट फिरवल्यावर खरखर जाणवते आणि पोट हलके दाबल्यास पांढरा द्रव येतो. तसे नसेल तर इंजेक्शनला दोष देऊ नये. फुगीर पोट नेहमी अंड्यांचेच असते असे नाही.

पाणकावळा, बडोदा
आपण म्हणता ते खरे निघाले. त्यांतील एक मादी नंतर मेली, म्हणून चिरून पाहिली, तेव्हा आतड्यांभोवती पिवळसर चरबीचे थर होते आणि अंडाशय त्यांच्यामागे बोटभर पट्टीसारखे होते. पुड्यावर घटक छापलेलेच नव्हते आणि विक्रेता आता फोन उचलत नाही. येत्या हंगामासाठी माद्या वेगळ्या तळ्यात ठेवून त्यांचे खाद्य माघापासूनच कितपत आवरावे, एवढे कृपया सांगावे.

बीजवाला
रोजचे खाद्य शरीराच्या वजनाच्या 2 ते 3 टक्क्यांवर जाऊ देऊ नका, आणि दर पंधरवड्याला जाळे टाकून दोन माद्यांची पोटे स्वतः चाचपून पाहा.