मदत हवी आहे: वर्डमध्ये सेव्ह केलेलं दुसऱ्या दिवशी गायब!

सेलूची_लेक
कालचं लिहिलेलं आज परत गेलं. तिसरी खेप. पान झालं की कंट्रोल एस दाबते, तरी सकाळी उघडलं की चौथं प्रकरण त्याच जुन्या ओळीवर तुटलेलं. वर २१२ पानं. उघडलं की पान एक, मग माउसचं चाक फिरवत बसा. शुक्रवारी गाईडला द्यायचंय. लवकर सांगा. आणि 'बॅकअप घेत जा' कुणी म्हणू नका, लई ऐकलंय.

जुना_डीटीपीवाला
वर्ड कोणतं? फॉन्ट कोणता?

पेंग्विन_भाऊ
वर्डच काढून टाका. लिब्रेऑफिस घ्या, फुकट आहे. माझ्याकडं इतक्या वर्षांत एक ओळ गेली नाही.

सेलूची_लेक
वर्ड २०१६. फॉन्टचा काय संबंध? आणि भाऊ, चार दिवसांवर काम आलंय, आता घर बदलू का?

मोंढ्यावरून
लाइट जायली असेल. आमच्याकडं दुपारी हमखास जाते. फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथं ऑटोरिकव्हर १० मिनिटांवर असतं, ते २ करा. आन् इन्व्हर्टर घ्या. बॅटरी मात्र ट्यूब्युलर घ्या बरं, साधी टिकत नाही.

जुना_डीटीपीवाला
ऑटोरिकव्हर म्हणजे सेव्ह नव्हे हो. वर्ड मधेच बंद पडलं तर त्याचा उपयोग. बाईंनी सेव्ह करून फाइल नीट बंद केली की ती प्रत आपोआप जाते. बॅटरीचा धागा वेगळा काढा.

निवृत्त_गुरुजी
प्रबंध कोणत्या विद्यापीठाचा? सेलू म्हणजे परभणी जिल्हा, म्हणजे नांदेड. १९९४ला ते निघायच्या आधी आमची पोरं कागद घेऊन औरंगाबादच्या खेपा घालायची. असो. मुखपृष्ठावर पान क्रमांक नको असेल तर 'डिफरंट फर्स्ट पेज'वर टिक करावी.

सेलूची_लेक
गुरुजी, पान क्रमांक मी विचारलाच नाही 🙏

हिंगोली_नाका
ताई, एक सांगा. सकाळी फाइल नेमकी कुठून उघडता? डेस्कटॉप, पेनड्राइव्ह, का अजून कुठून?

सेलूची_लेक
मेलमधून, अजून कुठून? टायपिंगवाल्या दादांनी पाठवली होती ना. त्यावर क्लिक करायचं, वर पिवळी पट्टी येते, 'एनेबल एडिटिंग' दाबायचं, की काम सुरू.

हिंगोली_नाका
पट्टी रोज येते?

सेलूची_लेक
हो, रोज.

हिंगोली_नाका
मग सापडलं. एका फाइलवर 'एनेबल एडिटिंग' एकदा दाबलं की त्याच फाइलवर ती पट्टी सहसा परत येत नाही. रोज यायली म्हणजे तुम्ही रोज नवी प्रत उतरवायलात. मेलमधली फाइल दादांनी पाठवली तशीच राहणार, तुमचं सेव्ह तिच्यापर्यंत पोचतच नाही. डाउनलोड्स फोल्डर उघडा, 'डेट मॉडिफाइड'वर क्लिक करा.

सेलूची_लेक
अगं बाई. 'प्रबंध_अंतिम', मग त्याच नावापुढं कंसात १, २ आन् ३. कंसातल्या १मध्ये दुष्काळाचं कोष्टक, २मध्ये मुलाखती. मी कोष्टक दोनदा केलंय हो!!

हिंगोली_नाका
रडू नका. रिव्ह्यूमध्ये 'कंपेअर', त्यात 'कंबाइन'. दोन प्रती दाखवा, फरक रंगात दिसतो, हवं ते ठेवा. मग तिसरी घ्या. झालं की एफ१२ दाबून नवं नाव देऊन डॉक्युमेंट्समध्ये ठेवा, आन् उद्यापासून वर्ड उघडून 'रीसेंट'मधून तीच घ्या. मेलकडं फिरकू नका.
पानांचं म्हणाल तर फाइल उघडल्या उघडल्या शिफ्ट एफ५. काल जिथं थांबलात तिथं कर्सर जातो. कंट्रोल जी दाबून पान नंबरही टाकता येतो.

पेंग्विन_भाऊ
शिफ्ट एफ५ लिब्रेऑफिसमध्येही आहे. सांगून ठेवतो.

सेलूची_लेक
एक प्रत जोडली!! आता एवढंच, कंट्रोल एफमध्ये 'दुष्काळ' टाकलं तर दादांनी टाइप केलेल्या पानांत काहीच सापडंना. समोर तर दिसतोय शब्द.

जुना_डीटीपीवाला
म्हणून फॉन्ट विचारला होता. दादांनी जुन्या फॉन्टात मारलंय. पडद्यावर मराठी दिसतं, आत इंग्रजी अक्षरं असतात. तुमचा कीबोर्ड युनिकोड, म्हणजे आतही मराठीच अक्षरं, जुळणार कसं? तात्पुरतं मजकुरातून शब्द कॉपी करून शोधाच्या चौकटीत पेस्ट करा. चौकटीत कचरा दिसंल, पण बहुतेक सापडतं. शुक्रवारनंतर सगळं युनिकोडमध्ये बदलून घ्या, आत्ता हात लावू नका.

मोंढ्यावरून
बॅटरीचं पाणी डिस्टिल्डच टाका, बोअरचं नको.

निवृत्त_गुरुजी
मुखपृष्ठावरचा क्रमांक गेला का?

सेलूची_लेक
गेला, गुरुजी. खरंच तिथं १ आकडा होता.