मंडळाचे नियम आणि ते जास्तीचे पाच दिवस

कॅलिफोर्नियाचं कामगार भरपाई अपील मंडळ, म्हणजे कामावर इजा झालेल्यांच्या भरपाईचे वाद ऐकणारं मंडळ, मनाला येईल तसे नियम करतं, असं म्हटलं जातं. तसं नाही हो. लेबर कोड म्हणजे तिथल्या कामगार कायद्याच्या कलम 5307 नुसार नियम करण्याच्या आदेशावर सातपैकी चार सदस्यांच्या सह्या लागतात, त्याआधी जाहीर सुनावणीही. शिवाय नियम कामकाजाच्या पद्धतीपुरतेच. भरपाईचा हक्क कायद्यातून येतो, मंडळाला तो घटवता येत नाही.

पण पद्धतीला हलकं लेखू नका. निकाल पटला नाही तर करायच्या फेरविचार अर्जाची 20 दिवसांची मुदत कायद्यातली. निकाल राज्यातल्या पत्त्यावर टपालाने पाठवला असेल तर आणखी 5 दिवस मिळतात, ते मंडळाच्या नियमात आहेत. पाठ धरून घरी बसलेल्या, वकील नसलेल्या कामगाराला हे दिवस फार मोलाचे. नियमांचा मसुदा सुनावणीला येतो तेव्हा कामगार संघटनांनी तिथे बोललंच पाहिजे.