प्रदर्शनांपलीकडची गुलाब सोसायटी
"गुलाब सोसायटी, म्हणजे गुलाबप्रेमींची संघटना, म्हणजे नुसती प्रदर्शनं आणि चषक" असं कुणी म्हणतं, ते मला अजिबात पटत नाही. मी छाटणी शिकले ती अशा सोसायटीच्या प्रात्यक्षिकातच. ऑक्टोबरात, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या (फांदीवर नवा कोंब फुटतो त्या जागेच्या) जरा वर तिरका काप, आणि कापावर लगेच बुरशीनाशकाची पेस्ट. त्याआधी मी नुसते शेंडे खुडायचे, अन् झाड काडीसारखं उंच व्हायचं.

आणि अमेरिकन रोझ सोसायटीची, म्हणजे तिथल्या गुलाब सोसायटीची, एक गोष्टही सांगायलाच हवी. १९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत संयुक्त राष्ट्रांसाठी देश जमले, तेव्हा तिने प्रत्येक शिष्टमंडळाच्या प्रमुखाला 'पीस' गुलाबाचं एकेक फूल आणि सोबत शांततेची आशा व्यक्त करणारी चिठ्ठी पाठवली होती. फ्रान्सच्या मेयाँ यांनी तयार केलेला हा पिवळा, कडेला गुलाबी झाक असलेला गुलाब माझ्या कुंडीतही आहे.