सामाईक तिकिटं : पुढच्या वर्षी ठेवायची की सोडायची?

प्रेषक : कँटनचे काका
रविवार, २३ नोव्हेंबर २००८, सकाळ

मंडळी, सप्रेम नमस्कार.

काल कोलंबसला आपला मिशिगन विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ ४२-७ ने हरला. ओहायो स्टेटकडून सलग पाचवा मार. मिशिगनचा मोसम आटोपला : तीन विजय, नऊ पराभव. १९६७ नंतर प्रथमच पराभवांचं पारडं जड झालंय, आणि एका मोसमात नऊ हरण्याचा पराक्रम तर आपल्या संघानं आजवर कधीच केला नव्हता. ३३ वर्षं न चुकता बोल गेम (मोसमानंतरचा, चांगल्या संघांना मिळणारा सामना) खेळलो, यंदा घरी.

आधीचे प्रशिक्षक लॉइड कार यांनी तेरा वर्षं सांभाळलेली घडी वेस्ट व्हर्जिनियाहून आलेल्या या नव्या प्रशिक्षकानं, रिच रॉड्रिगेझनं, एका वर्षात विसकटली. टोलेडोच्या सामन्याला आम्ही दोघं तिथेच होतो. आपण त्यांच्या गोलरेषेपाशी, आपला क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चाल रचणारा) थ्रीट, त्यानं पास टाकला आणि मी टाळ्या वाजवायला उठलो. चेंडू त्यांच्या पोरानं पकडला आणि शंभर यार्ड पळत नेला. मी हात तसेच वर धरून उभा. ही म्हणाली, "आता खाली घ्या." शेवटी २६ यार्डांवरून लाथेनं मारायची फील्ड गोलही हुकली. १३-१० ने हरलो. टोलेडोसारख्या दुबळ्या संघाकडून!

चार घरांत मिळून घेतलेल्या मोसमाच्या दोन तिकिटांतला आमचा हिस्सा कुणाला हवा असेल तर कळवा. मोटार कंपन्यांतल्या नोकऱ्यांचं काय होणार ते वॉशिंग्टनला ठरतंय, त्यात हा खर्च नको.

प्रेषक : अ‍ॅन आर्बरचा विद्यार्थी
रविवार, दुपार

काका, राग मानू नका, पण टोलेडोचं सांगितलंत आणि विस्कॉन्सिनचं गाळलंत. हाफटाइमला १९-० ने मागे होतो तेव्हा ट्रॅफिक चुकवायला म्हणून तुम्ही उठलात. २७-२५ ने जिंकलो ते गराजमध्ये गाडीत बसून रेडिओवर ऐकलंत. (काकूंनीच सांगितलं.)

हेनी, हार्ट, मॅनिंगहॅम, जेक लाँग हे आपले खंदे खेळाडू एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, गेले. क्वार्टरबॅक मॅलेट आर्कान्सास विद्यापीठाला गेला. उरले थ्रीट आणि स्कॉलरशिपशिवाय संघात आलेला शेरिडन. रॉड्रिगेझच्या 'स्प्रेड' पद्धतीत समोरचा बचावपटू कुठे झुकतो ते बघून क्वार्टरबॅकनं क्षणात ठरवायचं, चेंडू द्यायचा की स्वतः पळायचं. आपला साडेसहा फुटी थ्रीट पळतो तो गाठोडं सावरत एसटी पकडणाऱ्या माणसासारखा. यंदाच्या आयपीएलमध्ये द्रविडचा बंगलोर संघ बघा : कसोटीचे खंदे वीर घेऊन आठांत सातवा. म्हणून द्रविडला क्रिकेट कळत नाही का?

प्रेषक : कँटनचे काका
रविवार, संध्याकाळ

द्रविडला मध्ये आणू नकोस. पर्ड्यूविरुद्ध आपण ४२ गुण केले आणि तरी हरलो, कारण त्यांना ४८ दिले. इलिनॉयला ४५, पेन स्टेटला ४६. हे गुण काय थ्रीटनं दिले? बचावात तर बरेचसे जुनेच खेळाडू होते. त्यांना कुठला स्प्रेड शिकायचा होता?

गराजमध्ये मी रेडिओ दुरुस्त करत होतो.

प्रेषक : अ‍ॅन आर्बरचा विद्यार्थी
रविवार, संध्याकाळ

बचावाबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. तरी एका वर्षावरून रॉड्रिगेझला नाकारता येणार नाही. पोरं तरी त्याच्या पद्धतीची येऊ द्या.

प्रेषक : कँटनच्या काकू
रविवार, रात्र

ह्यांनी मला न विचारता लिहिलंय. आज डेट्रॉइटचा एनएफएल संघ लायन्स अकरावा सामना हरला, अकरापैकी अकरा, आणि ते बघायला हे पानावरून अर्धवट उठले होते. तेव्हा आमचा हिस्सा राहू दे. फक्त पुढच्या वर्षी ओहायो स्टेट इकडे येणार आहे, तो सामना आमच्या नावावर लिहून ठेवा.

ता. क. दिवाळीच्या फराळाला आलेला, झाकणाला पोचा पडलेला स्टीलचा डबा कुणाचा आहे? महिनाभर आमच्याकडेच पडलाय.